बाबांच्या भटकंतीच्या वह्या, फोटो, कॅसेट: वर्षश्राद्धापर्यंत स्मरणपुस्तिका कशी करावी?

खामलेकर

नमस्कार मंडळी. बाबा मागच्या मार्गशीर्षात गेले. वर्षश्राद्धाला नातेवाइकांच्या आणि त्यांच्या भटकंतीतल्या सोबत्यांच्या हातात देता येईल अशी ९०-१०० पानांची पुस्तिका करायची आहे.

सामान असं: १९७४ ते २००३ या काळातल्या प्रवासाच्या अकरा वह्या (नागपूर-पचमढी सायकलवर, पचमढीजवळच्या नागद्वारची यात्रा, मेळघाटातली पायपीट, पिंडारी हिमनदी, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला बेसिक कोर्स). आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या कृष्णधवल निगेटिव्ह, नंतरच्या ३५ एमएमच्या रंगीत निगेटिव्ह, स्लाइडचे दोन डबे, चिकट पानांचा एक अल्बम. आईला वाटेतून पाठवलेली पोस्टकार्डं. चार कॅसेट. आणि घरखर्चाच्या वह्या, बहुतेक बाबांच्या अक्षरात, मधूनमधून आईच्या.

बऱ्याच फोटोंवर तारीख नाही, काही निगेटिव्हवर बुरशी आहे. सुरुवात कशापासून करू? आणि ‘धाडसी होते, प्रेमळ होते’ अशी भाषणं छापायची नाहीत. बाबा डोंगरात जायचे हे खरं आणि घराकडे त्यांचं पुरतं लक्ष असायचं हेही तितकंच खरं. दोन्ही एका पुस्तिकेत कसं यावं?

जुनी_फिल्म

ताई, बाबांना नमस्कार. अकरा वह्या आणि निगेटिव्हसुद्धा जपून ठेवणारी माणसं थोडी असतात.

जे नासतंय ते आधी वाचवा. वह्यांच्या पानांत एटीएमच्या किंवा लॉजच्या चकचकीत थर्मल कागदाच्या पावत्या असतील तर आजच त्यांचे फोटो काढा, उष्णतेनं त्यावरची अक्षरं उडतात. मग बुरशीच्या निगेटिव्ह, मग चिकट अल्बम. वह्या आणि पोस्टकार्डं शेवटी घेतली तरी चालेल, त्यांचा कागद दम धरतो. एकच काळजी: धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईवर ओला हात लागू देऊ नका.

यातलं काही माळ्यावर असेल तर खाली आणा. नागपुरात स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो आणि श्रावणात दमट होतो, आणि ही अदलाबदलच फिल्मला खाते. आतल्या भिंतीच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात ठेवा. निगेटिव्हचं पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा. फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागलेला असतो आणि ती वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. असा गठ्ठा सगळ्यांत आधी स्कॅन करायचा.

बुरशीसाठी पाणी नको. फिल्मवरचा जिलेटिनचा थर हेच बुरशीचं अन्न असतं, ओल मिळाली की ती पुन्हा धरते आणि खराब झालेला थर पाण्यात विरघळून निघून येतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं नाही, कारण उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. मायक्रोफायबरचा मऊ तुकडा जेमतेम ओला करून एकाच दिशेनं हलकेच पुसा आणि आधी चकचकीत बाजूच्या एका कोपऱ्यावर करून बघा. खिडकी उघडी हवी, जवळ दिवा किंवा उदबत्ती नको. कागदी फोटोंवर हे अल्कोहोल वापरू नका.

स्कॅनिंगबद्दल. ऑफिसातल्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह येत नाही, त्याचा प्रकाश एकाच बाजूनं पडतो. झाकणातही दिवा असलेला, म्हणजे ट्रान्सपरन्सी युनिटवाला फ्लॅटबेड लागतो. क्लिक थ्रीची चौकट सुमारे ५६ बाय ५६ मिलिमीटर, एका रोलवर १२ फोटो. १६०० डीपीआयला (इंचाला १६०० ठिपके) एका बाजूचे साडेतीन हजार पिक्सेल मिळतात आणि डेमी आकाराच्या पुस्तिकेत पानभर फोटोला ते पुरून उरतात. त्या कॅमेऱ्याला एकच साधं भिंग, कडा मुळातच मऊ येतात, म्हणून ३२०० ला स्कॅन केलं तरी दाणेच मोठे दिसतील. ३५ एमएमची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, तिला २४०० डीपीआय ठेवा. कागदी फोटो ६०० डीपीआय. मूळ फाइल टिफमध्ये, वाटायला जेपेग. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय कृष्णधवल फिल्मला बंदच ठेवा, कारण त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि मशीन चेहऱ्यांनाही धूळ समजून पुसतं.

चिकट अल्बममधून फोटो ओढून काढू नका. मेण नसलेला दातांचा फ्लॉस फोटोच्या मागे सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. अडला तर थांबा, वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा बाजूला करून पानावरच त्याचा फोटो घ्या.

प्रत्येक गोष्टीला नंबर द्या. कृष्णधवल फोटोच्या मागे काठावर मऊ पेन्सिलनं लिहा. रंगीत फोटोच्या लेप दिलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढून दिसतो, तिथे नंबर पाकिटावर. संगणकावर फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, जागा, नंबर याच क्रमानं लिहा. तारीख माहीत नसेल तिथे शून्य ठेवा, म्हणजे सगळं आपोआप काळाच्या रांगेत बसतं.

कागदपत्र_वाचक

ताई, घरखर्चाच्या वह्या तुम्ही यादीत शेवटी टाकल्या आहेत, पण पुस्तिकेचा कणा त्याच होतील. बाबा घरी असताना त्यांचं अक्षर, ते बाहेर गेले की आईचं. ज्या दिवशी अक्षर बदललं तो निघण्याचा दिवस, ज्या दिवशी पुन्हा बाबांचं अक्षर आलं तो परतल्याचा. प्रवासाच्या वहीत तारीख नसली तरी इथे ती मिळते.

एक तारीखवही करा. मोठी आडवी वही किंवा एक्सेल, पाच रकाने: तारीख, बाहेर काय घडलं, घरी काय चाललं होतं, पुरावा कुठला (कोणती वही, कितवं पान, कितवा फोटो), खात्री किती (पक्की, बहुधा, अंदाज). शेवटचे दोन रकाने कंटाळून सोडले जातात आणि पुढे घरातली दोन माणसं एका सालावरून अडून बसतात. निघण्याआधीचे आठ-दहा दिवस विशेष बारकाईनं वाचा. फी कधी भरली, रॉकेल-धान्य किती भरून ठेवलं, विम्याचा हप्ता निघण्याआधी गेला का, आईच्या हातात किती पैसे ठेवले. मग पुस्तिकेत समोरासमोरची दोन पानं एकाच आठवड्याची करा: डाव्या पानावर प्रवासाच्या वहीतला उतारा, उजव्या पानावर त्याच दिवसांचा घरखर्च आणि त्या दिवसांतलं पोस्टकार्ड. ‘प्रेमळ’ हा शब्द कुठेच लिहावा लागणार नाही. मला विचाराल तर बाहेरच्या माणसांच्या आठवणींपेक्षा ही जोडपानं जास्त द्या, निदान अर्धी पुस्तिका त्यांचीच असू द्या.

आता तारखा. निगेटिव्हच्या कडेवर फिल्मचं नाव छापलेलं असतं: ओर्वो, इंदू, कोडॅक. एकाच रोलचे तुकडे जुळवा, कडेच्या चौकट-आकड्यांवरून आधी काय आणि नंतर काय ते ठरतं. रोलमधल्या एका फोटोची तारीख पक्की झाली की बाराही फोटोंचा काळ बहुधा सापडतो. पोस्टकार्डावर पिनकोड दिसला तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पण पिन नाही म्हणून आधीचंच असंही नाही, लोक कितीतरी वर्षं पिन न लिहिता पत्रं टाकत होते. गाडीवर एमएच ३१ असेल तर फोटो १९८९ नंतरचा. गाडीवर येझदी लिहिलेलं असेल तर फोटो १९७३ च्या मागे जात नाही, त्याआधी तीच कंपनी जावा नावानं गाड्या काढत होती. बजाज चेतक १९७२ पासूनची. छिंदवाड्याच्या छोट्या लाइनीचा डबा दिसला तर २०१५ च्या आधीचा, त्या वर्षी ती लाइन मोठी करायला बंद झाली. वहीत जाड पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट खोचलेलं असेल तर त्याच्या टोकाला दाबून उठवलेली तारीख तिरप्या उजेडात वाचा.

नागद्वारच्या नोंदी सोप्या आहेत. यात्रा नागपंचमीला धरून भरते, म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी. वहीत ‘पंचमीच्या दोन दिवस आधी’ असं असलं की त्या वर्षीच्या पंचांगातून तारीख काढता येते. साल शंकास्पद असेल तर तारीख आणि वार जुळतात का ते बघा. तीच तारीख त्याच वारी यायला पाच, सहा किंवा अकरा वर्षं जातात, त्यामुळे चुकीचं साल लगेच उघडं पडतं.

पोस्टकार्डावर दोन तारखा असतील, लिहिल्याची आणि शिक्क्याची. त्या दिवशी बाबा कुठे होते ते लिहिल्याची तारीख सांगते. शिक्का कित्येकदा डोंगर उतरल्यावरच्या गावाचा असतो.

जुनी नावं बदलू नका. पिंडारीची वही १९९७ च्या आधीची असेल तर तिच्यात जिल्हा अल्मोडा आणि राज्य उत्तर प्रदेश असणार आणि ते त्या काळी बरोबरच होतं. बागेश्वर जिल्हा १९९७ मध्ये वेगळा झाला, उत्तरांचल राज्य २००० मध्ये, त्याचं उत्तराखंड २००७ मध्ये झालं. पचमढीचा होशंगाबाद जिल्हा २०२२ पासून नर्मदापुरम आहे. उतारा जसाच्या तसा ठेवा, आजचं नाव तळटिपेत द्या. स्वतः घातलेला प्रत्येक शब्द चौकटी कंसात हवा, म्हणजे बाबांचं वाक्य कुठे संपलं ते कळेल.

खामलेकर

खूप आभार. घरखर्चाच्या वह्या काढून बसते आहे. आणखी दोन गोष्टी. सोबत्यांपैकी दोन काका ऐंशीच्या पुढचे आहेत, एक इथेच नागपुरात महाल भागात, एक कोंढाळीला. त्यांच्याशी बोलताना काय विचारू आणि रेकॉर्ड कसं करू? आणि कॅसेट लावून बघू का? एकीवर बाबांच्या हातचं ‘चौरागड’ (पचमढीचा महादेवाचा डोंगर) लिहिलेलं आहे.

ध्वनिफीत

कॅसेट आत्ता लावू नका ताई. आधी वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. मग उजेडात धरून बघा: टेपच्या मागे पितळी पट्टीवर नमद्याचा इवलासा तुकडा असतो. गोंद सुकून तो गळालेला असेल तर आवाज दबका आणि वर-खाली येईल. कवचाला स्क्रू असतील तर दुसऱ्या कॅसेटचा तुकडा बसवता येतो. टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट प्लेअरला दाखवू नका, जाणकाराकडे द्या.

चांगल्या कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाच ताणावर बसलेली टेप मोकळी होते. प्लेअर जुना पण नीट चालणारा डेक असावा, हेड आणि रबरी चाक पुसलेलं असावं. यूएसबीवाले स्वस्त प्लेअर टाळा, त्यांचा वेग हलतो आणि ओळखीचा आवाज परक्यासारखा वाटतो. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडा. माइकच्या भोकात जोडलं तर आवाज फाटतो. वेव्ह फॉरमॅट, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ: मिनिटाला सुमारे १० एमबी, साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबीच्या आसपास. पहिलीच फेरी रेकॉर्डिंगची ठेवा. ‘आधी ऐकून बघू’ म्हणून लावलेली टेप नेमकी त्याच वेळी गुंतते. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलला हात नको. चौरागडच्या कॅसेटवर मागे यात्रेकरूंचे ‘हर बोला’ असतील, घंटा असतील. तो गोंगाट म्हणून साफ करू नका.

काकांकडे सकाळी साडेसात-आठला जा. दुपारी कूलर लागतो आणि कूलरच्या आवाजातून बोलणं नंतर वेगळं काढता येत नाही. उन्हाळा असेल तर ही एकच गोष्ट निम्मं काम बिघडवते. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर, काकांपासून वीतभर अंतरावर, खाली घडी घातलेला रुमाल, नाहीतर टेबलाची थरथर रेकॉर्ड होते. चाळीस मिनिटांच्या वर एका बैठकीत नको. सुरुवातीला तारीख, जागा आणि काकांची परवानगी त्यांच्याच तोंडून नोंदवा.

‘बाबा कसे होते?’ हा प्रश्न विचारू नका, उत्तरात भाषणच येतं. नंबर घातलेले फोटो मोठे छापून न्या, एकेक हातात द्या आणि नंबर मोठ्यानं बोला. मग बारीक विचारा. स्वयंपाक कशावर व्हायचा, स्टोव्ह कोण वाहायचं, दोर कुणाचा होता, पावसात धान्य कशात बांधायचे, सायकलची चेन तामियाच्या चढावर तुटली तर काय करायचे, पैसे कोण सांभाळायचं. आणि हा प्रश्न कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: कुठून परत फिरले, आणि परत फिरायचं कुणी ठरवलं? पोहोचल्याच्या गोष्टी सगळे आपणहून सांगतात, परतल्याच्या विचाराव्या लागतात. घरी लेकरं असलेला माणूस धाडस कसं करतो ते तिथे कळतं. वहीतही बघा, माघारीची वेळ आधीच लिहून ठेवलेली सापडू शकते.

दोघांना आधी वेगवेगळं भेटा, मग जमलं तर एकत्र. दोघांचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही छापा, नावासकट. लिहून काढताना ‘जाऊन राह्यलो होतो’, ‘काहून’, ‘लय’ तसंच ठेवा. मोबाइलचं बोलून टाइप करणं वऱ्हाडी-नागपुरी वळणाला पुण्याचं करून टाकतं, ते हातानं पुन्हा दुरुस्त करावं लागेल.

सोळा_पानी_फर्मा

छपाईचं मी सांगतो. पहिलं, तारीख. वर्षश्राद्ध तिथीनं असतं, म्हणून इंग्रजी तारखेनं ते साधारण अकरा दिवस आधी येतं. मधे अधिक महिना आला तर उलट वर्षाच्या पुढे, सुमारे ३८४ दिवसांनी. गुरुजींकडून आजच तारीख लिहून घ्या. मार्गशीर्ष म्हणजे दिवाळी आणि तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं. आधी दिवाळीची कामं, लगेच लग्नपत्रिका, महाल-सीताबर्डीचे छापखाने तेव्हा मान वर करत नाहीत. दसऱ्यापर्यंत छापायची फाइल तयार हवी, म्हणजे मजकूर गणपतीच्या सुमारास पक्का व्हायला हवा.

पानं १६ च्या पटीत धरा, फर्मा, म्हणजे एका मोठ्या छापील कागदाला घड्या घालून होणारा गठ्ठा, १६ पानांचा असतो. ९६ पानं म्हणजे सहा फर्मे. ९८ केलीत तर दोन पानांसाठी अख्ख्या फर्म्याचा खटाटोप. आकार डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. मजकुराला ८० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा कागद. या कागदात शाई शोषली जाते, फोटोतल्या सावल्या काळ्या ठिक्कर होतात. म्हणून पानभराचे फोटो वेगळे काढून १३० जीएसएम आर्ट पेपरचा एक फर्मा करा. जोडपानांवरचे लहान फोटो आणि वहीच्या पानांच्या प्रतिमा मॅपलिथोवर चालतात, फक्त ऑपरेटरला थोड्या उजळ करायला सांगा. कृष्णधवल फोटो ग्रेस्केलमध्येच द्यायचे. चार रंगांत गेले तर कुठे हिरवट, कुठे लालसर झाक येते.

बांधणी शिलाईची मागा. नुसत्या गोंदाची परफेक्ट बाइंडिंग स्वस्त पडते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोंद कडक होऊन पानं सुटतात, आणि ही पुस्तिका लोक वर्षानुवर्षं उघडणार आहेत. बांधणीच्या बाजूला २० मिलिमीटर समास सोडा. एकच फोटो दोन पानांवर पसरवू नका, मधला चेहरा खाचेत जातो. कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन.

प्रती मोजताना माणसं न मोजता घरं मोजा, वर पंधरा-वीस जास्त. दोन-अडीचशेच्या आत असाल तर डिजिटल, ५०० च्या पुढे ऑफसेट परवडतं, कारण प्लेटचा खर्च सगळ्या प्रतींवर वाटला जातो. खासगी वितरणाला आयएसबीएन लागत नाही.

सगळ्यांत जास्त घोटाळा अक्षरांचा होतो. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप कराल, डीटीपीवाले श्रीलिपीत (युनिकोडपेक्षा वेगळ्या मांडणीच्या जुन्या फॉन्टमध्ये) घेतील, आणि रूपांतरात ‘ऱ्य’ तुटेल. बाबांच्या वहीत दऱ्या, पायऱ्या, किनाऱ्यानं, दुसऱ्या दिवशी हे शब्द पानोपानी असणार. पीडीएफमध्ये ‘ऱ्या’ शोधून भागत नाही, कागदावर प्रूफ काढून बोट ठेवून वाचा. दोन प्रुफं, दुसरं अशा माणसानं वाचायचं ज्यानं पहिलं पाहिलेलं नाही. आकडे वेगळ्या फेरीत तपासा, १९७८ आणि १९८७ नजरेतून सहज सुटतात.

कव्हरवर हार घातलेला फोटो नको, असं माझं मत. चालतानाचा, पाठीवर सामान असलेला घ्या.

सातपुडा_पायवाट

नकाशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. दोन नकाशे पुरेत. एक नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, पचमढी हा सायकलचा रस्ता, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दुसरा पिंडारीचा: लोहारखेत, धाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया आणि झीरो पॉइंट. वहीत गावांची नावं ऐकीव लिहिलेली असतात. हा क्रम समोर ठेवला की ‘ढाकरी’ म्हणजे कोणतं ते कळतं, आणि मधला एखादा मुक्काम लिहायचा राहून गेला असेल तर तोही दिसतो.

सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट (भूरूप दाखवणारा सरकारी नकाशा) त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून उतरवता येते. पचमढी ५५ जे या गटात, नागपूर ५५ ओ मध्ये. शीट जशीच्या तशी छापू नका. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून नदी, रस्ता, मुक्काम एवढंच हातानं काढा, १३० जीएसएमच्या पानावर ते सुंदर दिसतं. पिंडारीच्या नकाशात देशाची सीमा येऊ देऊ नका, खोऱ्यापुरताच ठेवा. सीमा दाखवली की ती अधिकृत नकाशाप्रमाणेच असावी लागते.

वहीतली उंची फुटांत असेल तर फुटांतच ठेवा, कंसात मीटर द्या. धूपगड १३५२ मीटर, म्हणजे साधारण ४४३५ फूट. बाबांचा आकडा थोडा वेगळा असला तर दुरुस्त करू नका, खिशातला अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो, ढग आले की उंची बदलून दाखवतो.

बेसिक कोर्सच्या प्रमाणपत्रावर कोर्सचा क्रमांक असेल. संस्थेला पत्र लिहिताना तो क्रमांक, वर्ष आणि प्रमाणपत्राची प्रत जोडा, त्या तुकडीबद्दल काही मिळू शकेल का ते विचारा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून हे पत्र स्कॅनिंग सुरू करायच्या आधी टाका.

जुनी_फिल्म

आणखी एक राहिलं. स्कॅन झालेलं सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. डीव्हीडीवर भरवसा नको, आपल्या उन्हात ती टिकत नाही. निगेटिव्ह पीव्हीसीच्या पाकिटात परत घालू नका, पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ३५ एमएमच्या सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की नव्या घाला, पावसाळ्याआधी तर नक्कीच.